तळटीप १४ : ‘किल्ली बाहेरून द्यावी’

१४. किल्ली म्हणजे इथे डेटाबेसचा पासवर्ड, एसएमएस सेवेचे टोकन अशी गुप्त मूल्ये. बावड्यातल्या (ता. इंदापूर) एखाद्या दूध संकलन केंद्राने उत्पादकांची बिले वेबवर ठेवली, तर त्यांचे बँक खाते क्रमांक याच पासवर्डाच्या भरवशावर राहतील. तो प्रोग्रॅममध्येच लिहिला की कोडच्या प्रत्येक प्रतीबरोबर फिरतो. नंतर पुसला तरी गिटच्या इतिहासात उरतो. २०१६मध्ये उबरच्या खासगी गिटहब रिपॉझिटरीत हल्लेखोरांना अशीच किल्ली सापडली आणि सुमारे ५ कोटी ७० लाख लोकांची माहिती चोरीला गेली. सर्व्हर सुरू करण्याच्या कमांडमध्येच पासवर्ड टाइप करणेही धोक्याचे, कारण लिनक्सवर ‘पीएस’ (चालू प्रोग्रॅमची यादी दाखवणारी कमांड) चालवणाऱ्या दुसऱ्या युजरलाही तो सहसा दिसतो. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल त्यापेक्षा बरे. मात्र सर्व्हरमधून सुरू होणाऱ्या इतर प्रोग्रॅमनाही ते आपोआप मिळते आणि एरर लॉगमध्ये उमटू शकते. आमच्या मते फक्त सर्व्हरच्या खात्याला वाचता येईल अशी वेगळी फाइल (परवानगी ४००), किंवा सिस्टिमडीमधली ‘लोडक्रेडेन्शियल’ची सोय, हाच योग्य मार्ग. किल्ली फुटल्याची नुसती शंका आली तरी वाचकांनी कोड पुसत बसू नये. आधी किल्ली बदलावी. — संपा.