न्यूयॉर्कहून लळिंगला

३१ जुलै १९३७ ला बाबासाहेब धुळ्याच्या कोर्टात आले होते. लळिंगच्या लांडोर बंगल्यावर उतरले होते. तेव्हा आपलं नंदुरबार पश्चिम खानदेशातलं तालुक्याचं गाव. आजही ३१ जुलैला आपली माणसं भाकरी बांधून लांडोर बंगल्यावर जातात. पण कोर्टात उभा राहिलेला तो बॅरिस्टर घडला कुठं, हे आपण नीट विचारत नाही.

१९१२ साली भीमराव बी. ए. झाले. १९१३ च्या फेब्रुवारीत वडील गेले. जूनमध्ये बडोदे सरकारशी करार झाला : परदेशात शिका, परत येऊन दहा वर्षं संस्थानची चाकरी करा. म्हणजे बडोद्याला हवा होता एक हुशार अधिकारी. जुलैत बावीस वर्षांचा हा तरुण न्यूयॉर्कला उतरला.

कोलंबिया विद्यापीठात त्याला कुणी जात विचारली नाही. वर्गात मागं बसवलं नाही, पाणी वरून ओतलं नाही. जे आपल्याकडं विधिलिखित म्हणून सांगितलं जात होतं, ते माणसानं केलेलं कारस्थान आहे, हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि अंगावर अनुभवणं वेगळं. तिथूनच त्यांनी वडिलांच्या एका स्नेह्याला पत्र लिहून मुलांबरोबर मुलींनाही शिकवा म्हणून बजावलं. सेलिग्मन, ड्यूई यांच्यासारखे गुरू भेटले. ९ मे १९१६ ला गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातल्या जातींवर निबंध वाचला. चाकरीच्या करारावर गेलेला विद्यार्थी आता जातीच्या मुळाशीच हात घालत होता. महत्त्वाकांक्षा बदलली ती अशी.

पण नुसत्या परदेशानं बाबासाहेब घडवले असं म्हणाल तर ते खोटं. १९१७ ला बडोद्यात अधिकारी म्हणून गेले, तर राहायला खोली मिळेना. पारशी खानावळीतून लाठ्या घेऊन आलेल्या जमावानं हाकललं. पदवी होती, जात सुटली नव्हती. परदेशानं मोजपट्टी दिली, बडोद्यानं काम दाखवलं. म्हणून ते १९२० ला आधी 'मूकनायक' काढतात आणि मगच अपुरं शिक्षण पुरं करायला पुन्हा लंडन गाठतात.

स्वतः वर चढून त्यांनी शिडी ओढून घेतली नाही. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी ३ लाखांची तरतूद करवून घेतली, आपली पोरं विलायतेला धाडली.

आता आजचं बघा. केंद्राची परदेशी शिष्यवृत्ती आहे, राज्याची राजर्षी शाहूंच्या नावाची आहे. पण २०२२ साली केंद्राच्या नियमात एक कलम घुसवलं : भारताची संस्कृती, इतिहास, समाज या विषयांच्या अभ्यासाला पैसा नाही. म्हणजे १९१६ चा तो निबंध लिहायला निघालेल्या भीमरावाचा अर्ज या कलमानं फेटाळला असता! तुम्ही यंत्र शिका, हिशेब शिका. जात कुणी रचली ते मात्र विचारू नका.

म्हणून नंदुरबार, शहादा, तळोद्याच्या वसतिगृहातल्या पोरापोरींनो, अर्ज भरा. बी. ए.च्या पहिल्या वर्षापासूनच तयारीला लागा. आणि जाताना प्रश्न इथलाच घेऊन जा. परत येताना उत्तर घेऊन या. नुसता कोट घालून आलात, तर लळिंगच्या वाटेवर तुम्हाला कुणी ओळखायचं नाही.