धुपदाळची पाखरं आणि मामांची वही

दिवाळीची सुट्टी लागली की आम्ही निपाणीहून संकेश्वर, हुक्केरी करत घटप्रभेला मामांकडं जायचो. मामा धुपदाळच्या कालव्यावर पाटकरी होते. आपल्या भागातल्या बहुतेकांनी गोकाकचा धबधबा पाहिलाय, पण त्याच्या वरच्या अंगाचा हा बंधारा कुणी थांबून बघत नाही. म्हणून जरा लिहितो.

१८७६-७८ च्या दुष्काळानं बेळगाव आणि कलादगी जिल्हे होरपळले. त्यानंतरच्या काळात, एकोणिसावं शतक संपता संपता घटप्रभेवर हा बंधारा झाला. मोठं धरण नव्हे. नदी अडवून पाणी कालव्यात वळवायचं, एवढंच त्याचं काम. पण नदीनं सह्याद्रीकडून आणलेला गाळ वर्षानुवर्षं तिथं बसत गेला. पाणी पसरट आणि उथळ झालं, आणि तेच पाखरांच्या पथ्यावर पडलं.

काठच्या ओल्या चिखलात तुतवार आणि चिखले. त्याच्या पुढं, घोटाभर पाण्यात लांब गुलाबी पायांचे शेकाटे. आणखी आत चक्रवाक, तलवार बदकं. ज्याची चोच आणि पाय जेवढे लांब, तेवढं त्याचं रान. कालव्याला पाणी सोडलं की पातळी उतरायची, चिखलाचा नवा पट्टा उघडा पडायचा आणि दुसऱ्या दिवशी तुतवार तिथं हजर. दार उचलताना मामा म्हणायचे, "शेतकऱ्याला पाणी सोडालोय आणि ह्यांना ताट वाढालोय."

मानाचे पाहुणे म्हणजे करकोचे. मंगोलिया, कझाकस्तानच्या गवताळ रानातून हिमालय ओलांडून येणारे. राखी अंग, काळी मान, डोळ्यामागं पांढऱ्या पिसांचा तुरा. दिवाळी उशिरा आली तरच आम्हाला दिसायचे. सकाळी हरभऱ्याच्या, शेंगांच्या रानात चरायचे, उन्हं चढली की नदीवर उतरायचे. आवाज आधी यायचा, मग आभाळात रांग दिसायची.

मामी कन्नड घरची. तिचे ते कोक्करे, मामांचे करकोचे. १९५६ साली आपल्याला म्हैसूर राज्यात घातलं, म्हणून १ नोव्हेंबरला मामा काळी फीत लावायचे. सरकारी नोकर, त्यामुळं शर्टाच्या आतून. मामी हसायची, "पाखरं कुठं सीमा बघालीत?" मामा म्हणायचे, "त्यांना कुठं कन्नडातला उतारा काढायचा असतोय?"

१९७४ साली इथं घटप्रभा पक्षी अभयारण्य जाहीर झालं, सुमारे २९ चौरस किलोमीटरचं. त्याआधी बदकाचं मटण आमच्याही घरी शिजलंय, खोटं कशाला बोलू? त्यानंतर मामांनी ते बंद केलं. रात्री जाळी लावणाऱ्यांशी भांडणंही काढली. त्याच सुमारास त्यांनी एक वही घातली. पुढच्या पानांवर पाण्याची पातळी, मागच्या पानांवर पाखरं. करकोचे कुठल्या दिवशी आले, कधी गेले, टिटवीनं अंडी पात्रात घातली की वर बांधाला. १९७७ मध्ये वरच्या अंगाला हिडकलचं धरण झालं, नदीची चाल बदलली. त्याचंही त्यात काही ना काही असणार. "असणार" म्हणतो, कारण ती वही मी कधी उघडून वाचलीच नाही.

मामा गेल्यावर मामीला निपाणीला आणायचं ठरलं. घर आवरायला मी गेलो. कालव्याचे जुने कागद समजून पोतंभर रद्दी किलोवर घातली. महिन्याभरानं मामीनं विचारलं, "पाखरांची वही आणलास न्हवं?" मी काही बोललो नाही. तिनं परत विचारलं नाही. हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

गेल्या जानेवारीत बंधाऱ्यावर गेलो होतो. शेकाटे होते, चक्रवाकांच्या जोड्या होत्या. दुपारपर्यंत थांबलो, करकोचा एकही नाही. एका दिवसावरून काय म्हणणार? पूर्वी किती यायचे, कधीपासून कमी झाले, हे सांगणारा एक माणूस होता आणि त्याचं लिहिलेलं मी विकलं.

गोकाक, हुक्केरी, घटप्रभेकडच्या मंडळींना एकच विनंती. घरात पाटकऱ्याची, तलाठ्याची, मास्तरांची जुनी वही असेल, तर रद्दीत घालण्याआधी मागची पानं उघडून बघा.