गिरणी तीच, दाणे वेगळे : खेळांतील नकाशांचा इतिहास

नांदेड-लातूरकडील आठवी-नववीच्या वर्गात 'एरंगेल' आणि 'सान्होक' ही नावे विचारून पाहावीत. बरीच मुले ती चटकन ओळखतील. ही ठिकाणे भूगोलाच्या पुस्तकात नाहीत. मोबाइलवरील 'पब्जी' आणि त्यावर २०२० मध्ये बंदी आल्यानंतर २०२१ मध्ये आलेला 'बीजीएमआय' या नेमबाजीच्या खेळांतील ही रणांगणे होत. तेथे खेळ एकदा घेतला, तरी काही नकाशे वेगळे उतरवून घ्यावे लागतात. खेळ आणि नकाशा यांची ही फारकत कशी झाली?

१९९३ हे साल आपला भाग किल्लारीच्या भूकंपामुळे विसरू शकत नाही. त्याच वर्षी १० डिसेंबरला अमेरिकेतील 'इड सॉफ्टवेअर' या छोट्या कंपनीने 'डूम' हा खेळ प्रसिद्ध केला. जोडलेल्या संगणकांवर चौघांना तो एकत्र खेळता येई. जॉन कारमॅक यांनी त्याची आज्ञावली लिहिताना खेळ चालविणारा भाग वेगळा ठेवला आणि भिंती, दारे, चित्रे, आवाज ही सामग्री 'वॅड' नावाच्या दुसऱ्या फाइलीत घातली. पिठाच्या गिरणीसारखेच हे. गिरणी तीच, ज्वारी टाका वा गहू, पीठ त्याप्रमाणे निघते.

'डूम'चा नकाशा म्हणजे मुळात आकडेच असतात. प्रत्येक कोपऱ्याचे निर्देशक, कोपरे जोडणाऱ्या रेषा आणि प्रत्येक खोलीच्या जमिनीची व छताची उंची, एवढ्यावर आराखडा उभा राहतो. नववी-दहावीच्या निर्देशक भूमितीहून तो फार दूर नाही. त्यामुळे १९९४ मध्येच हौशी खेळाडूंनी नकाशे काढण्याच्या आज्ञावल्या तयार केल्या आणि आपले नकाशे मोडेमवरून एकमेकांना फुकट पाठविले. कंपनीने त्यांना अडविले नाही. उलट, १९९५ मध्ये हौशी मंडळींचा एक मोठा संच फुकट वाटला जाण्याच्या बेतात असतानाच कंपनीने तो विकत घेतला आणि १९९६ च्या 'फायनल डूम'मध्ये घातला. देवघेवीची वस्तू विक्रीची झाली.

तरी फुकट परंपरा टिकली. 'हाफ-लाइफ' या खेळावर दोन तरुणांनी १९९९ मध्ये 'काउंटर-स्ट्राइक' रचला. त्याचा गाजलेला 'डस्ट' हा नकाशा डेव्ह जॉन्स्टन या इंग्लंडमधील किशोरवयीन मुलाने काढला. आपल्याकडील सायबर कॅफेंत पुढे पोरे तासांवर पैसे देऊन हाच खेळ खेळली. आपल्या संगणकात नसलेला नकाशा तेथे दुसऱ्या संगणकावरून उतरवून घेता येई.

वेगवान इंटरनेट आल्यावर कंपन्यांनी नकाशांचे संच विकायला काढले. २००५ मध्ये 'हॅलो २'चे काही नकाशे मोफत, तर काही विकत होते. विकतचेही काही महिन्यांनी मोफत झाले. ३० मार्च २०१० रोजी 'मॉडर्न वॉरफेअर २'चा पाच नकाशांचा संच १५ डॉलरला आला. त्यांतील दोन नकाशे जुन्याच खेळातले होते. तरीही पहिल्या आठवड्यात सुमारे २५ लाख प्रती खपल्या.

मात्र यात एक मेख होती. एकत्र खेळायचे तर प्रत्येकाजवळ तोच नकाशा हवा. चौघांपैकी एकाने पैसे भरले नाहीत, की तो बाहेर. नाहीतर चौघांनाही जुन्याच नकाशावर खेळावे लागे. प्रत्येक नव्या संचागणिक खेळाडूंची फाळणी होऊ लागली. अखेर २०१९ च्या 'मॉडर्न वॉरफेअर'पासून त्या मालिकेने नवे नकाशे सर्वांना मोफत दिले आणि कमाई पोशाख व शस्त्रांच्या सजावटीवर नेली. मोबाइलवरील खेळांनीही हीच वाट धरली. आपल्या मुलांना नकाशा फुकट मिळतो तो यामुळे.

पण या प्रवासात एक गोष्ट मागे पडली. 'डूम' खेळणारा मुलगा नकाशा काढूही शके; मोबाइलवर तो बहुधा नुसता उतरवून घेतो. ही उणीव वर्गात थोडी भरून काढता येईल. एरंगेलची बाजू ८ किलोमीटर आहे. १ सेंटिमीटरला ५०० मीटर धरले, तर आलेखाच्या कागदावर १६ सेंटिमीटरचा चौरस होतो. त्याच प्रमाणात मुलांना आपले गाव, नदी, रस्ते, शाळा बसवू द्यावी. कोपऱ्यांचे निर्देशक लिहिले, की कोणत्याही संगणकाला देता येईल असा नकाशा त्यांच्या हाताने तयार होतो.