१९१४ च्या फोर्डला स्टार्टर कुठून आला?

समजा, एका संग्रहालयात १९१४ ची फोर्ड मॉडेल टी उभी आहे आणि तिला विजेचा स्टार्टर आहे. त्यावरून ‘१९१४ साली फोर्ड गाड्यांना स्टार्टर असे’ असं वाक्य प्रबंधात गेलं, तर परीक्षक तिथेच लाल रेघ मारणार. कॅडिलॅकने १९१२ च्या मॉडेलला स्टार्टर दिला हे खरं. पण फोर्डने तो १९१९ मध्ये द्यायला सुरुवात केली, तोही आधी बंदिस्त गाड्यांना. उघडी गाडी घेणाऱ्याला पुढची काही वर्षं जादा पैसे मोजावे लागत. तोवर २५ लाखांहून जास्त मॉडेल टी हँडल मारून सुरू करायच्या म्हणूनच बनल्या होत्या.

म्हणजे आपल्या गाडीला तो कुणीतरी नंतर बसवला. हे काम चार बोल्ट आवळण्याइतकं सोपं नाही, आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने ते बरंच आहे, कारण खुणा राहतात. मॉडेल टीमध्ये फ्लायव्हील हा गिअरबॉक्सचाच भाग. त्याच्या पुढच्या अंगाला व्ही आकाराचे १६ चुंबक, त्यांच्यासमोर कॉइल. ठिणगीची वीज तिथेच तयार होते, बॅटरी लागत नाही. मागच्या अंगाला रोवलेल्या पिनांवर गिअरची चाकं फिरतात. स्टार्टरचं छोटं दातेरी चाक अडकायला फ्लायव्हीलच्या कडेवर दात्यांची रिंग हवी. तसं नंतरचं फ्लायव्हील घालायचं तर इंजिन खाली उतरवा, गिअरबॉक्स सोडवा, चुंबक-कॉइलमधली फट पुन्हा जुळवा (ती इंचाच्या हजारांशांत मोजतात!). गिअरबॉक्सचं वरचं झाकणही बदलावं लागतं, कारण जुन्यात स्टार्टरला जागाच नाही.

आता गाडीकडे परत बघा. पुढचं टायमिंग कव्हर जुनं, जनरेटर बसायची सोय नसलेलं; मागचं झाकण मात्र १९१९ नंतरचं. ही विसंगती हाच आपला पुरावा. पण त्यातून एवढंच कळतं की बदल १९१९ च्या आधीचा नाही. तो १९२२ मधल्या मालकाने केला की १९७५ मधल्या एखाद्या हौशी संग्राहकाने, हे झाकण सांगत नाही. त्यासाठी बिलं, जुने फोटो, दात्यांची झीज असं काहीतरी धुंडाळावं लागतं.

आणि या फरकाला अर्थ आहे. ठिणगीची वेळ मागे घ्यायची राहिली की हँडल उलटा झटका देई आणि मनगट मोडे. मनगटाच्या एका प्रकारच्या मोडीला डॉक्टर आजही ‘शोफर्स फ्रॅक्चर’ म्हणतात. १९२२ मधला स्टार्टर त्या भीतीबद्दल बोलतो, १९७५ मधला जुन्या गाड्यांच्या छंदाबद्दल. ‘मूळ रूप’ आणायचं म्हणून काही जण असा स्टार्टर काढून टाकतात. मला ते पटत नाही. निदान काढण्याआधी नोंद तरी करावी.

फोटो वापरताना एक लक्षात असू द्या: स्टार्टर आल्यावरही फोर्डने पुढचं हँडल काढलं नव्हतं. त्यामुळे हँडल दिसतंय, म्हणजे स्टार्टर नव्हता, असंही धरून चालता येत नाही.