अर्धी गोळी

आमच्या घाटकोपरच्या चाळीत जिन्याखाली एक मांजरी राहायची. एका पावसाळ्यात तिने खाणं सोडलं, अंगही तापलेलं. शेजारच्या काकूंनी पॅरासिटामॉलची अर्धी गोळी दुधात चुरून तिला पाजली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेलेली होती. काकू कितीतरी दिवस म्हणायच्या, "अगं, ही तर लहान पोरांनाही देतात!"

काकूंचं काय चुकलं ते शोधताना मी जाऊन पोचले थेट गिधाडांपाशी. सांगते कशी ते.

मलबार हिलच्या डुंगरवाडीत पारशी समाज आपले मृतदेह दोखम्यात ठेवतो. पिढ्यानपिढ्या पुढचं काम गिधाडं करत. १९९० नंतर ती दिसेनाशी झाली आणि शेवटी तिथे सूर्यकिरण एकवटणारी यंत्रणा बसवावी लागली. हे एकट्या मुंबईत घडलं नाही. आपल्याच मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश यांना भरतपूरच्या अभयारण्यात झाडांवर माना टाकून बसलेली, मेलेली गिधाडं दिसत होती. आधी सगळ्यांना वाटलं, एखादी साथ असेल. २००४ साली लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानातल्या गिधाडांवरून खरं कारण दाखवलं. ते होतं डायक्लोफिनॅक.

हे नाव तुमच्या घरातही असेल. गुडघेदुखीचं औषध! माणसांसाठी आलेलं हे औषध स्वस्त झालं, तसं लंगडणाऱ्या गाईम्हशींनाही टोचलं जाऊ लागलं. गुरांना आराम पडायचा, म्हणून कुणाला शंका आली नाही. पण ते जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं, की मांसातल्या उरल्यासुरल्या औषधाने त्यांची मूत्रपिंडं बंद पडत. आतल्या अवयवांवर यूरिक अ‍ॅसिडचा पांढरा थर चढे. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीची गिधाडं हजारात एखादंच उरली.

२००६ साली सरकारने जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आणली. तरी माणसांच्या इंजेक्शनची ३० मिलीची मोठी बाटली दुकानात मिळतच होती, आणि तीच गुरांना टोचली जायची. २०१५ मध्ये ती ३ मिलीवर आणली, तेव्हा कुठे ती पळवाट अरुंद झाली. त्याच जातीचं मेलॉक्सिकॅम मात्र गिधाडांना सोसतं, हे तपासून पाहिलेलं आहे.

म्हणजे एकच औषध माणसाला चाललं, म्हशीला चाललं आणि गिधाडाला मारून गेलं. आमच्या मांजरीचंही तसंच झालं. पॅरासिटामॉल निकामी करणारी यकृतातली व्यवस्था मांजरात जवळजवळ नसतेच. मग रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं. हिरड्या तपकिरी पडतात, तोंड आणि पंजे सुजतात. शिवाय हिशेब करा. ५०० च्या गोळीची अर्धी म्हणजे २५० मिलिग्रॅम, आणि मांजरी जेमतेम चार किलोची. किलोमागे साठाच्या वर! लेकराला डॉक्टर एका वेळी किलोमागे दहा ते पंधरा देतात. मांजरीला तर तेवढंही घातक ठरू शकतं, त्यामुळे पाव गोळी दिली असती तरी भागलं नसतं. कुत्र्यांचं दुखणं वेगळं. आयबुप्रोफेनने त्यांच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं बिघडतात.

प्राण्यांचे डॉक्टरही माणसांच्या दुकानातली काही औषधं लिहून देतात, नाही असं नाही. पण कोणतं औषध, कोणाला आणि किती, हे ते ठरवतात. अडचण अशी, की आपल्या उपनगरांत केमिस्ट कोपऱ्याकोपऱ्यावर असतो आणि प्राण्यांचा डॉक्टर शोधावा लागतो. परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय १८८० च्या दशकापासून उभं आहे, पण मुलुंड-बोरिवलीहून आजारी जनावर घेऊन तिथवर जायचं म्हणजे केवढी यातायात! तरी चुकून गोळी पोटात गेलीच, तर रिकामी स्ट्रिप सोबत घेऊन लगेच जवळच्या डॉक्टरकडे निघा. पॅरासिटामॉलवर अ‍ॅसिटिलसिस्टीन नावाचा उतारा आहे. तो पहिल्या काही तासांतच नीट लागू पडतो.

काकूंनी गोळी दिली तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. सुजलेले पंजे आम्ही संध्याकाळी पाहिले, आणि सकाळी बघू म्हणून झोपलो.