हिरवा दिवा आणि 'सर्व्हर डाऊन'

परवा गावी गेलो होतो. आईच्या नावावरच्या जमिनीचा एक दाखला काढायचा होता, म्हणून सकाळी दहाला सेतू केंद्रात जाऊन बसलो. पुढे अकरा माणसं. एक आजोबा तर पहाटेच्या एसटीनं आलेले, पिशवीत भाकरी बांधून. काउंटरवरची मुलगी वीस-बावीस वर्षांची.

"काका, सर्व्हर डाऊन आहे. बसा, नाहीतर दुपारी या."

"कधीपासून बंद आहे, ताई?"

"साडेनऊपासून."

"वरून काही कळवलं का?"

ती हसली. "वरून काय कळवणार काका, वरच्यांना आम्हीच कळवतो."

माझं अर्धं आयुष्य याच कामात गेलंय, सर्व्हर चालू आहे की बंद ते बघत बसण्यात. त्यामुळे ते वाक्य मला जरा जास्तच लागलं. बंद पडणं समजू शकतो. यंत्र आहे, पडणारच. पण बंद पडल्याचं चालवणाऱ्याला सगळ्यात शेवटी कळावं, हे कसं काय? या प्रश्नाला मोठा इतिहास आहे. वेळ असेल तर वाचा, पोस्ट लांबणार आहे.

सुरुवात साधी होती. डिसेंबर १९८३ मध्ये माईक म्यूस नावाच्या अमेरिकी प्रोग्रामरनं 'पिंग' हा छोटासा प्रोग्राम लिहिला. पाणबुडी शोधताना आवाज सोडून प्रतिध्वनी ऐकतात, त्यावरून नाव. एका संगणकानं दुसऱ्याला हाक मारायची, ओ आली की तो जिवंत. १९८८ मध्ये एसएनएमपी आलं. म्हणजे नेटवर्कमधल्या प्रत्येक यंत्राला एकाच भाषेत विचारायची सोय झाली की बाबा, किती माल आला, किती गेला, तब्येत कशी आहे. मग टोबी ओएटिकर हा स्विस माणूस. इंग्लंडमधल्या लेस्टरच्या विद्यापीठात असताना तिथं बाहेरच्या जगाशी जोडणारी एकच ६४ केबीपीएसची लाइन होती आणि ती किती भरली आहे हे सगळ्यांनाच हवं असायचं. त्यातून एमआरटीजी निघालं. दर पाच मिनिटांनी आलेख पुढे सरकायचा, हिरवा भाग आत येणारा, निळी रेघ बाहेर जाणारी.

मी २००० साली पुण्यात नोकरीला लागलो तेव्हा रात्रपाळीत हाच आलेख बघत चहा प्यायचो. नंतर नागिओस आलं, त्यात हिरवे-लाल चौकोन. तेव्हा काम सोपं होतं, कारण 'हा सर्व्हर' म्हटलं की बोट दाखवता यायचं. रॅकमध्ये खालून तिसरा डबा, त्यावर चिकटपट्टीनं लावलेलं नाव. लाल झाला की उठायचं, जाऊन बघायचं. एक डबा, एक दिवा.

हा हिशेब मोडला तो व्हर्च्युअल मशीननं. कल्पना तशी जुनीच, आयबीएमच्या केंब्रिजमधल्या मंडळींनी १९६७ मध्येच सीपी-४० चालवून दाखवलं होतं. एक महागडा संगणक, पण वापरणाऱ्या प्रत्येकाला वाटावं की तो आपल्या एकट्याचाच आहे. १९७२ मध्ये व्हीएम/३७० बाजारात आणल्याची घोषणाही झाली. पण आपल्यापर्यंत ते पोचलं ते व्हीएमवेअरमुळे. कंपनी १९९८ ची, सर्व्हरसाठीचं ईएसएक्स २००१ चं. बहुतेक सर्व्हर बराच वेळ रिकामेच बसलेले असायचे, मग एका डब्यात दहा-पंधरा कोंबले तर वीज वाचते, जागा वाचते, पैसा वाचतो. २००३ मध्ये तर चालू मशीन न थांबवता एका डब्यातून दुसऱ्यात हलवायची सोय आली. पहिल्यांदा बघितलं तेव्हा जादूच वाटली होती.

पण आता सर्व्हर नेमका कुठे आहे, याचं उत्तर तासातासाला बदलायला लागलं.

त्याचा चटका मला स्वतःला बसलाय. साल साधारण २००८-०९, कंपनीचं नाव सांगत नाही. आमच्याकडे एका महत्त्वाच्या सिस्टिमच्या दोन प्रती होत्या, एक मुख्य, एक राखीव. कागदावर एकदम भक्कम. एका रात्री दोन वाजता फोन आला तो थेट ग्राहकाचा. मी स्क्रीनकडे बघितलं, सगळं हिरवंगार. मी त्याला चक्क सांगितलं, "साहेब, आमच्याकडून सगळं ओके आहे." वीस मिनिटं तेच सांगत होतो. मग लक्षात आलं की स्क्रीनवरचं घड्याळ १ वाजून ३८ मिनिटांवर थांबलंय. झालं असं होतं की लोड सारखा करण्याच्या नादात मुख्य प्रत आणि राखीव प्रत आपोआप एकाच डब्यावर येऊन बसल्या होत्या. त्या दोन वेगळ्या डब्यांवरच राहाव्यात असा नियम घालता येतो, तो आमच्यापैकी कुणी घातलाच नव्हता. आणि नजर ठेवणारं मशीन? तेही त्याच डब्यावर. डबा गेला, तिघं एकदम गेले, आणि मेलेला पहारेकरी डोळे उघडे ठेवून माझ्याकडे बघत होता. सकाळी मॅनेजरसमोर जे काय ऐकलं ते ऐकलं. पण त्या ग्राहकाला मी जे 'ओके' म्हणालो, त्याची लाज अजून वाटते.

यात मी एकटा नाही, याचा सगळ्यात मोठा पुरावा १४ ऑगस्ट २००३ चा. त्या दिवशी अमेरिकेच्या ईशान्य भागात आणि कॅनडात सुमारे ५ कोटी लोकांची वीज गेली. ६१,८०० मेगावॅट. निमित्त ओहायोतल्या झाडांचं, तारा तापून लोंबल्या आणि फांद्यांना टेकल्या. पण झाडं तर नेहमीच असतात. खरी गोष्ट नियंत्रण कक्षातली आहे. ॲक्रनमधल्या फर्स्टएनर्जी या वीज कंपनीची अलार्म सिस्टिम दुपारी २ वाजून १४ मिनिटांनी गुपचूप बंद पडली. सॉफ्टवेअरमधला एक दोष. पाऊण तासाच्या आत मुख्य सर्व्हर गेला, राखीवनं काम हातात घेतलं, आणि अडकलेला प्रोग्राम जसाच्या तसा त्याच्याकडे गेल्यामुळे तोही गेला. आयटीवाल्यांना संदेश गेला, त्यांनी सर्व्हर पुन्हा चालू केला, सर्व्हर उठला, ते खूश. पण अलार्म वाजतायत का, हे शेजारी बसलेल्या ऑपरेटरना कुणी विचारलंच नाही. इकडे ३ वाजून ५ मिनिटांनी पहिली मोठी लाइन पडली, ३:३२ ला दुसरी, ३:४१ ला तिसरी. बाहेरून फोन येत होते की अहो, तुमच्याकडे काहीतरी गडबड आहे. ऑपरेटर स्क्रीनकडे बघत होते. स्क्रीन शांत. चारनंतर जे कोसळायला लागलं ते मग आवरलंच नाही.

त्याच दिवशी वरच्या पातळीवरच्या प्रादेशिक यंत्रणेतही एक गंमत झाली होती, गंमत म्हणवत नाही खरं तर. दर पाच मिनिटांनी आपोआप चालणारा तपासणीचा प्रोग्राम एका कर्मचाऱ्यानं दुरुस्तीसाठी थांबवला, दुरुस्ती केली, आणि पुन्हा आपोआपवर टाकायचं विसरून जेवायला गेला.

हे सगळं मला कसं माहीत? अमेरिका आणि कॅनडा सरकारच्या संयुक्त समितीनं एप्रिल २००४ मध्ये मिनिटामिनिटाचा अहवाल छापला, म्हणून. कुणीही वाचू शकतो. पुढे २८ फेब्रुवारी २०१७ ला ॲमेझॉनची एस-३ ही साठवणूक सेवा एका चुकीच्या कमांडनं आडवी झाली, तेव्हाही त्यांनी स्वतःच लिहिलं की आमचा 'सेवा चालू आहे की नाही' दाखवणारा फलकसुद्धा एस-३ वरच अवलंबून होता, त्यामुळे तो बदलताच येईना. जगातल्या सगळ्यात श्रीमंत आयटी दुकानात माझ्या रात्रपाळीचाच किस्सा!

आपल्याकडे काय? एकदम अंधार आहे असं म्हणणार नाही. मुंबईतलं उदाहरण घ्या. २४ फेब्रुवारी २०२१ ला सकाळी ११:४० ला राष्ट्रीय शेअर बाजाराचे, एनएसईचे, सगळे व्यवहार थांबले, ते दुपारी ३:४५ ला पुन्हा सुरू झाले. मुख्य डेटा सेंटर आणि जवळच्या राखीव सेंटरमधल्या लाइन दोन वेगवेगळ्या कंपन्यांकडून घेतलेल्या होत्या, म्हणजे एक गेली तरी दुसरी असावी. दोन्ही बिघडल्या. आपल्याकडे रस्ता खोदणारा माणूस कंपनी बघून खोदत नाही. बरं, लाइन गेली तरी मुख्य सेंटर चालू राहायला हवं होतं. पण त्यामुळे मुख्य ठिकाणची साठवणूक यंत्रणाच प्रतिसाद देईना आणि जोखीम तपासणारी यंत्रणा आंधळी झाली. एनएसईनं नंतर खुलासा केला की पुरवठादारानं बसवलेली रचना मागितल्याप्रमाणे नव्हती. चेन्नईचं राखीव केंद्र होतं, तिकडे गेले नाहीत. पुढच्याच महिन्यात सेबीनं नियम कडक केला: बिघाड झाल्यापासून ३० मिनिटांत 'आपत्ती' जाहीर करा, आणि जाहीर केल्यापासून ४५ मिनिटांत राखीव केंद्रावरून कारभार सुरू करा. २०२३ मध्ये या प्रकरणात एनएसई आणि तिच्या क्लिअरिंग कंपनीनं मिळून ७२ कोटींच्या वर रक्कम भरून तडजोड केली. बँकांचंही तसंच. २०२० च्या डिसेंबरात रिझर्व्ह बँकेनं एचडीएफसी बँकेला वारंवारच्या बिघाडांवरून नवी क्रेडिट कार्डं द्यायलाच बंदी घातली होती.

म्हणजे पैशाच्या सिस्टिमला मिनिटांचा हिशेब आहे, विचारणारा आहे, दंड आहे. पहाटेच्या एसटीनं आलेल्या आजोबांच्या सिस्टिमला कोण विचारतं?

आणि इथं आजचा घोटाळा आणखी वाढलेला आहे. हल्ली सगळं 'हायब्रिड'. एक भाग सरकारी डेटा सेंटरात, एक खासगी क्लाउडवर, नेटवर्क तिसऱ्याचं, ओटीपीचा मेसेज चौथा पाठवणार, ओळख पडताळणी पाचव्याकडे. समजा कंत्राटात प्रत्येकाला ९९.५ टक्के चालू राहण्याची अट आहे. ऐकायला झकास. ३० दिवसांच्या महिन्यात प्रत्येकाला ३ तास ३६ मिनिटं बंद राहायची मुभा. पण दाखला निघायला पाचही एकाच वेळी चालू लागतात. पाचांचा गुणाकार केला तर हातात ९७.५ टक्के उरतात, म्हणजे महिन्याला जवळजवळ १८ तास बंद. त्यातला बराचसा वेळ कचेरीच्या वेळेतच आला, तर रांगेतल्या माणसाचे दोन पूर्ण दिवस गेले. आणि दंड? एकालाही नाही. पाचही जणांनी अट पाळली. पाचही दिवे हिरवे, रांग मात्र तिथंच.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की मोजमाप काउंटरवरून करा. दर पाच मिनिटांनी एका यंत्रानं खऱ्या माणसासारखा अर्ज भरून बघायचा आणि दाखला निघाला की नाही ते नोंदवायचं. हे तंत्र नवं नाही, महागही नाही, खासगी कंपन्या कित्येक वर्षं करतायत. तो आकडा लोकांना दिसेल असा लावा. नजर ठेवणारी यंत्रणा ज्याच्यावर नजर ठेवायची त्याच्याच घरात ठेवू नका. आणि दिवसभर राज्य अडलं तर चार पानांचा अहवाल मराठीत छापा, काय झालं, का झालं, पुढे काय करणार. आमदार मंडळी प्रश्न विचारतात तेव्हा 'किती सेवा ऑनलाइन केल्या' हे विचारतात. त्या महिन्यातून किती तास चालतात, हेही विचारा की.

खर्चाची ओरड होईल, माहीत आहे. २६ सप्टेंबर २०२५ ला दक्षिण कोरियात डेजॉन शहरातल्या सरकारी डेटा सेंटरला बॅटऱ्या हलवताना आग लागली. ७०९ सरकारी सिस्टिम बंद पडल्या. सरकारी कर्मचाऱ्यांच्या फायली जिथं साठवायच्या त्या 'जी-ड्राइव्ह'चा ८५८ टेराबाइट डेटा जळून गेला. बाहेर त्याची दुसरी प्रत नव्हती, कारण काय दिलं, तर डेटा फार मोठा होता. डिजिटल सरकारात जगात पहिल्या रांगेत बसणारा देश हा.

असो. दुपारी मी पुन्हा केंद्रात गेलो. आजोबांची भाकरी खाऊन झाली होती. त्या मुलीनं मला तिचा मोबाइल दाखवला. आसपासच्या तालुक्यांतल्या केंद्रवाल्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप. सकाळपासून एकच मेसेज फिरत होता: 'चालू झालं का?' 'नाही.' 'तुमच्याकडे?' 'नाही.' पंचवीस वर्षांत पाहिलेली सगळ्यात विश्वासू मॉनिटरिंग सिस्टिम, आणि ती पगारी नाही.

चारला दहा कमी असताना कुणीतरी लिहिलं, 'झालं.' ती खुर्ची सरकवून बसली. "आजोबा, तुम्ही या पहिले."

पाचची एसटी होती त्यांची.