लग्नाला पुरावा काय?

मराठेशाहीच्या दप्तरांत ‘रांडरोटी’ असा एक शब्द आढळतो. आजच्या कानाला तो खरखरीत लागतो, पण त्याच्या पोटातला आशय मोठा माणुसकीचा आहे. धन्याच्या कामी लढाईत पडलेल्या शिपायाच्या विधवेला पोटापाण्यासाठी जी जमीन वा नेमणूक लावून दिली जाई, ती रांडरोटी. तिच्याच जोडीचा शब्द ‘बालपरवेशी’. ती पोरक्या मुलांसाठी. शिपाई पडला म्हणून राज्याचा त्याच्याशी असलेला हिशेब मिटत नाही, त्याची चूल पेटती राहिली पाहिजे, ही जाणीव या दोन शब्दांत आहे. जगातल्या बहुतेक राज्यांना ती केव्हा ना केव्हा झालेली आहे. परंतु सरकारने रोटी द्यायचे ठरवणे आणि ती रोटी त्या बाईच्या ताटात पडणे, यांच्यामध्ये एक कारकून बसलेला असतो. त्याच्या हाती कागद असतो आणि ओठांवर प्रश्न असतो: बाई, तू त्याचीच बायको कशावरून?

हा प्रश्न किती साधा आणि त्याच वेळी किती निर्दय असू शकतो, हे मला अमेरिकेतील यादवी युद्धाच्या पेन्शनींचा इतिहास वाचताना जितके उमगले, तितके दुसरे काही वाचून उमगले नाही. १८६१ ते १८६५ अशी चार वर्षे ते युद्ध चालले. त्यात दोन्ही बाजूंची मिळून सव्वासहा लाखांच्या आसपास माणसे मेली, असे पूर्वी मानीत. अलीकडचे अभ्यासक तो आकडा साडेसात लाखांपर्यंत नेतात. इतकी माणसे मेली म्हणजे किती घरांतले कुंकू पुसले गेले असेल, याचा अंदाज ज्याने त्याने करावा.

युद्ध ऐन भरात असतानाच, १४ जुलै १८६२ रोजी, वॉशिंग्टनच्या काँग्रेसने पेन्शनीचा कायदा केला. संघराज्याच्या बाजूने लढताना मेलेल्या साध्या शिपायाच्या विधवेला महिना आठ डॉलर आणि वरच्या अधिकाऱ्याच्या विधवेला तीस डॉलरपर्यंत, अशी प्रतवारी त्यात होती. विधवा नसेल तर सोळा वर्षांखालील मुलांना, मुले नसतील तर त्याच्यावर अवलंबून असलेल्या आईला वा बहिणींना पैसे मिळावेत, अशीही तरतूद होती. विधवेने पुन्हा लग्न केले की पेन्शन बंद. ज्या दक्षिणेकडील राज्यांनी बंड केले होते, त्यांच्या शिपायांच्या विधवांना यातले अर्थातच काही मिळायचे नव्हते. त्यांच्यासाठी पुढे त्या त्या राज्यांनी आपापल्या तुटपुंज्या तिजोरीतून सोय केली.

कायदा वाचला तर उदार वाटतो, आणि होताही. त्यात रंगाचा उल्लेख नव्हता. ही गोष्ट लहान नव्हे, कारण त्याच सरकारने आपल्या सैन्यातील काळ्या शिपायाला प्रारंभी कपड्यांचे पैसे कापून महिना सात डॉलर हातावर ठेवले आणि गोऱ्याला मात्र तेरा दिले. विधवेच्या रकमेत असा भेद नव्हता. भेद होता तो पुराव्यात.

पेन्शन मागणाऱ्या विधवेने दोन गोष्टी सिद्ध करायच्या: एक, नवरा लष्करी सेवेमुळे मेला, दुसरी, आपण त्याची लग्नाची बायको. पहिली गोष्ट लष्कराच्या हजेरीपटावरून निघे. दुसरीसाठी लग्नाचा दाखला, चर्चच्या वहीतील नोंद, नाहीतर घरच्या बायबलातील ते पान, ज्यावर कुटुंबातील लग्ने, जन्म आणि मृत्यू टिपून ठेवण्याची तिकडे चाल होती. कित्येक बायांनी ते पान फाडून वॉशिंग्टनला पाठवून दिले, आणि ते तिथल्या फायलीतच राहिले. पोथीचे पान फाडताना त्यांच्या हाताला काय वाटले असेल!

ज्या काळ्या बाईचा जन्म गुलामीत गेला, तिने मात्र कोणते पान फाडावे? संघराज्याच्या सैन्यात सुमारे एक लाख ऐंशी हजार काळे शिपाई होते, आणि त्यांतले बहुसंख्य कालपरवापर्यंत कोणाच्या तरी मालकीचे होते. गुलामाच्या लग्नाला कायद्यात किंमत नव्हती. मालमत्तेने मालमत्तेशी करार करावा कसा? मळ्यावर लग्ने लागत. कधी मालकाच्या परवानगीने, कधी गुलामांतल्याच एखाद्या धर्मोपदेशकाच्या मुखाने, कधी झाडूवरून उडी मारण्याच्या रिवाजाने. पण त्यांची नोंद कुठल्याच सरकारी वहीत होत नसे. आणि मालकाला पैशाची नड लागली की नवरा एका बाजाराला आणि बायको दुसऱ्या बाजाराला जाई. ज्या कायद्याने या बाईला लग्न करण्याचा अधिकारच दिला नाही, त्याच कायद्याच्या राज्यात तिला आता लग्नाचा कागद मागितला जाऊ लागला.

हा पेच सरकारच्या ध्यानात आणून दिला तो एका विधवेने. १२ एप्रिल १८६४ रोजी मिसिसिपी नदीकाठच्या फोर्ट पिलो या ठाण्यावर बंडखोरांनी हल्ला केला आणि ठाणे पडल्यावर शरण आलेल्या काळ्या शिपायांची कत्तल केली. ठाण्याचा अधिकारी मेजर बूथ लढाईतच पडला होता. त्याची बायको मेरी बूथ पुढच्याच महिन्यात अध्यक्ष लिंकनला भेटली. स्वतःपुरते बोलून ती परतली असती तरी कोणी नावे ठेवली नसती. पण तिने गाऱ्हाणे मांडले ते नवऱ्याच्या हाताखाली मेलेल्या काळ्या शिपायांच्या बायकांचे. लिंकनने १९ मे रोजी सेनेटर चार्ल्स सम्नर यांच्या नावे चिठ्ठी देऊन तिला त्यांच्याकडे धाडले. चिठ्ठीचा मतलब असा, की ज्या प्रत्यक्षात विधवा आहेत त्यांना कायद्यातही विधवाच मानावे, जणू त्यांची लग्ने रीतसर झाली होती.

४ जुलै १८६४ रोजी कायद्यात तशी भर पडली, पण हात आखडूनच. दोघे निदान दोन वर्षे नवराबायको म्हणून राहिली होती असे सिद्ध झाले, तर लग्नाचा दाखला मागू नये. मात्र विधवा आणि मुले स्वतंत्र असली पाहिजेत! म्हणजे नवरा स्वातंत्र्यासाठी मेला आणि बायको अजून मालकाच्याच घरी असली, तर तिला काही नाही. १८६६ साली दोन वर्षांची अट गेली. १८७३ च्या कायद्याने एवढेच पुरेसे ठरवले, की त्यांनी त्यांना बंधनकारक वाटेल अशा कोणत्याही विधीने लग्न लावलेले असावे, किंवा ती एकमेकांना नवराबायको मानीत असावीत, शेजारीपाजारी तसे ओळखीत असावेत आणि नवरा फौजेत जाईपर्यंत ती एकत्र राहत असावीत. याच १८७३ साली इकडे पुण्यात जोतिराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या अमेरिकेतील लोकांना ती अर्पण केली. जोतिरावांचा तो गौरव यथार्थ होता. फक्त त्यांना पुण्याहून दिसले ते बेड्या तुटण्याचे दृश्य. बेड्या तुटल्यावर त्या हातांना कागदासाठी किती वणवण करावी लागली, ते इतक्या दुरून दिसणारे नव्हते.

कारण शेजाऱ्यांची साक्ष म्हणावी तर शेजारी होते कुठे? कोणी विकले गेलेले, कोणी पळून गेलेले, कोणी युद्धात मेलेले. जन्मतारीख ठाऊक नाही. लग्न ‘कापूस वेचणीच्या आधी’ झालेले. नवऱ्याने फौजेत नाव दिले ते मालकाचे आडनाव लावून आणि सुटल्यावर घेतले बापाचे. दोन नावांचा माणूस म्हणजे कारकुनाच्या लेखी दोन माणसे. मग एखाद्या बाईला जुन्या मालकाच्याच दारी जाऊन विनवावे लागे, की ‘आमचे लग्न तुमच्याच मळ्यावर झाले, एवढे लिहून द्या’. आपल्याकडे पेन्शनर मंडळी दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला देतात आणि ‘आम्ही समोर उभे आहोत, तरी जिवंत असल्याचा कागद हवाच’ म्हणून हसतात. या बायांना हसण्याची सोय नव्हती.

ही अडचण अडाणी, अनाम बाईचीच होती असे कोणी समजू नये. हॅरिएट टबमन हे नाव आज अमेरिकेतील शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. १८४९ साली ती मेरिलंडमधून स्वतः पळाली आणि पुन्हा पुन्हा मागे जाऊन तिने सुमारे सत्तर जणांना गुलामीतून बाहेर काढले. युद्धात तिने हेरगिरी केली, जखमींची शुश्रूषा केली. जून १८६३ मध्ये दक्षिण कॅरोलायनातील कंबाही नदीवरच्या मोहिमेत तिने वाट दाखवली आणि सातशेहून अधिक गुलाम सुटले. या कामाच्या मोबदल्यासाठी ती वर्षानुवर्षे सरकारकडे मागणी करीत राहिली. १८६९ साली न्यूयॉर्क राज्यातील ऑबर्न गावी तिने नेल्सन डेव्हिस या माजी शिपायाशी लग्न केले. तो १८८८ साली वारला. मृत्यू युद्धातल्या जखमेने नव्हता, म्हणून जुन्या कायद्यात ती बसत नव्हती. १८९० साली नवा कायदा आला. माजी शिपाई कशानेही मेला असो, विधवेला स्वतःच्या मजुरीवाचून दुसरा आधार नसेल तर आठ डॉलर मिळावेत, असे त्यात होते. हॅरिएटने लागलीच अर्ज केला.

अर्ज पाच वर्षे चालला. फौजेच्या पटावर नेल्सन डेव्हिस नावाचा माणूस नव्हता. होता नेल्सन चार्ल्स. तो हाच, हे दाखवा. पहिला नवरा जॉन टबमन याचे काय झाले? तो १८६७ साली मेरिलंडात मेला, हेही दाखवा. शेजारी साक्षीला आले, प्रतिज्ञापत्रे झाली, आणि १८९५ साली महिना आठ डॉलर सुरू झाले. पुढे १८९९ साली तिच्या स्वतःच्या युद्धसेवेबद्दल पंचवीस डॉलर द्यावेत, असे विधेयक काँग्रेसपुढे आले. काटछाट होऊन वीस डॉलर मंजूर झाले, आणि मंजुरीच्या मजकुरात तिची ओळख अशी: आठव्या काळ्या पायदळ पलटणीतील शिपाई नेल्सन डेव्हिस याची विधवा. सातशे माणसांच्या सुटकेची वाट दाखवणाऱ्या बाईला सरकारी खात्यात जागा मिळाली ती एका शिपायाच्या नावाखाली.

पैसे सुरू झाले तरी तपासणी संपत नसे. ७ ऑगस्ट १८८२ च्या कायद्याने ठरवले, की विधवा उघडपणे परपुरुषाशी राहत असेल तर तिची पेन्शन बंद करावी. मग खात्याचे खास तपासनीस गावोगाव फिरू लागले. तिच्याकडे कोण येते, रात्री कोण थांबते, हे शेजारणींना विचारून लिहून घेऊ लागले. नवरा गेलेल्या बाईचे चारित्र्य मोजण्याची हौस आपल्याच समाजाला आहे, असे मी समजत असे. इथे मात्र ती हौस तिजोरीच्या रक्षणाचे नाव घेऊन आली होती.

न्यायाने पाहता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. खोटे दावे होत होते, मध्यस्थ दलाल अडाणी बायांना लुबाडीत होते, आणि खर्च भयंकर वाढला होता. १८९३ च्या सुमारास संघराज्याच्या खर्चातील चाळीस टक्क्यांच्या आसपास रक्कम एकट्या पेन्शनींवर जात होती. तेव्हा पुरावा मागणे हा अपराध नव्हे. परंतु सर्वांना सारखाच प्रश्न विचारला म्हणजे सर्वांना सारखाच न्याय मिळाला, असे होत नाही. इतिहासकार डोनाल्ड शेफर यांनी फायलींचा नमुना घेऊन मोजदाद केली, तेव्हा गोऱ्या विधवांपैकी शेकडा सुमारे ८४ जणींना पेन्शन मिळालेली आढळली आणि काळ्या विधवांपैकी ६१ जणींना. कायद्यात नसलेला रंग निकालात उतरला तो असा.

या सगळ्यातून एक गोष्ट अशी घडली, की जी ना त्या कारकुनाने योजली होती ना त्या बाईने. गुलामांचा इतिहास लिहायला बसलेल्याला मालकांच्या वह्या मिळतात. त्यांत माणसे नगावर मांडलेली, नावापुढे किंमत. त्या माणसांचे स्वतःचे बोलणे फारसे कोठे नाही. ते सापडते या पेन्शनीच्या फायलींत. तपासनीसाने संशयाने विचारले, ‘लग्न कोणी लावले? कोण कोण हजर होते? पहिले मूल कुठे गेले?’ आणि बाईने सांगितले. लग्न लावणाऱ्याचे नाव, सुईणीचे नाव, विकल्या गेलेल्या बहिणीचे नाव, नवरा पलटणीत जायला निघाला तो दिवस. हे सारे तिने आठ डॉलरांसाठी सांगितले, आणि ते आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय दप्तरखान्यात आहे. आपली पणजी कोण होती हे शोधणारी तिकडची काळी माणसे आता तेच कागद उलगडतात. तिच्यावर अविश्वास दाखवण्यासाठी लिहून घेतलेली जबानीच तिच्या असण्याची खूण होऊन बसली.

म्हणून झालेला छळ क्षम्य ठरतो, असे मला मुळीच म्हणायचे नाही. ज्या बाया जबानीलाच पोचल्या नाहीत, दहा डॉलरांच्या दलालीपायी वा अंतरापायी ज्यांचा अर्जच झाला नाही, त्यांची एक ओळही उरलेली नाही. आणि अशा किती होत्या, हे आता कोणी मोजू शकणार नाही. हॅरिएट टबमन १९१३ साली वारली. २००३ साली अमेरिकेच्या काँग्रेसने तिला हयातीत पेन्शन कमी दिली गेली हे मान्य करून ११,७५० डॉलर मंजूर केले. ते ऑबर्न येथील तिच्या स्मारकगृहाला मिळाले. यादवी युद्धाची अगदी शेवटची पेन्शन एका शिपायाच्या मुलीला मिळत होती, महिना ७३ डॉलर १३ सेंट. ती २०२० साली वारली तेव्हा ते खाते बंद झाले. सेनापतींनी तहावर सह्या केल्या होत्या १८६५ साली.